कपाटातले चौदा मोबाइल

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मोबाइलची चार्जिंगची पिन सैल झाली, म्हणून मी तालुक्याच्या गावी गेलो होतो. तिथे बसस्थानकासमोरच्या रांगेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मोबाइलचे दुकान आहे. पिन बदलायला अर्धा तास लागेल असे सांगून त्याने मला आतल्या स्टुलावर बसवले आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवला. बाहेर ऊन एवढे होते की तापलेल्या डांबराचा वास दुकानात येत होता. पंख्याच्या वाऱ्याने भिंतीवर टांगलेली कव्हरे हलत होती आणि त्यांच्या नव्या रबराचा वास सोल्डरिंगच्या धुरात मिसळत होता. काउंटरपाशी एका कंपनीचा प्रतिनिधी उभा होता. तेवीस-चोवीस वर्षांचा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. नुकत्याच संपलेल्या तिमाहीत या तालुक्यात आपली कंपनी पहिली आली, असे तो समाधानाने सांगत होता, आणि त्या समाधानात खोटे काही नव्हते. त्याला वरून तसेच कळवण्यात आले होते. माझा विद्यार्थी नुसती मान हलवत राहिला. प्रतिनिधी मोटरसायकल चालू करून निघून गेल्यावर त्याने मागचे लोखंडी कपाट उघडले. आत पॅकबंद खोकी एकावर एक रचून ठेवलेली होती. त्याने ती माझ्यासमोर मोजली. चौदा भरली.

“सर, हे चौदाई नग अठ्ठावीस तारखेले आले. तिमाही संपाले दोन दिवस होते, त्याईचं टार्गेट अडलं होतं. बिल फाडलं अन् माल टाकून गेले. त्याईच्या हिशोबात हे विकल्या गेले. माह्या हिशोबात हे कपाटात हायेत. आता तुमीच सांगा, विकले का नाई विकले?”

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही.

पिन बदलून झाली, मी गावी परतलो, पण तो प्रश्न सोबत आला. त्याचे कारण माझ्या नोकरीत आहे. मी तेहतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आणि शिकवण्याखालोखाल जे काम सर्वाधिक केले ते मोजण्याचे. पटनोंदणी, शाळाबाह्य मुलांचा शोध, मतदारयाद्या, जनगणना. २०१० च्या उन्हाळ्यात घरयादीचे काम करताना मला पहिल्यांदा नीट कळले की मोजण्यातला अवघड भाग बेरजेच्या आधीच संपलेला असतो. एका छपराखाली दोन भाऊ राहत होते. भिंत एक, अंगण एक, सातबारा एक. पण चुली दोन. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जे एका चुलीवरचे जेवतात ते एक कुटुंब, म्हणून मी तिथे दोन कुटुंबे लिहिली. थोरल्या भावाच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आले. त्याला ती वाटणी कागदावर गेलेली नको होती. मी नियमाप्रमाणे लिहिले आणि आजही तसेच लिहीन. परंतु माझ्या कागदावरची दोन कुटुंबे आणि त्याच्या मनातले एक कुटुंब यांच्यामध्ये व्याख्येची एक ओळ होती, हे मी विसरलेलो नाही. ‘विकला’ या शब्दाचेही तसेच आहे. कुठल्या उंबऱ्यावर उभे राहून मोजले, ते आधी सांगायला हवे.

वर्तमानपत्रात ‘भारतातील स्मार्टफोन बाजारात अमुक कंपनी अव्वल’ अशी बातमी दर तीन महिन्यांनी येते. ती बहुधा आयडीसी, काउंटरपॉइंट किंवा पूर्वीची कॅनालिस यांच्यासारख्या बाजार मोजणाऱ्या संस्थांच्या अंदाजावर उभी असते, आणि त्या अंदाजात प्रामुख्याने मोजली जाते ती पाठवणी. कारखान्यातून किंवा बंदरातून निघून मोबाइल वितरणाच्या साखळीत शिरला की तो मोजला गेला. तिथून पुढे त्याचा प्रवास मोठा असतो: राज्याचा वितरक, जिल्ह्याचा वितरक, तालुक्याचे दुकान, दुकानातले कपाट, आणि मग केव्हातरी गिऱ्हाइकाचा खिसा. या संस्था आपल्या अहवालांत पाठवणीला पाठवणीच म्हणतात, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्या आयातीच्या नोंदी पाहतात, सुटे भाग पुरवणाऱ्यांना विचारतात, वितरकांशी बोलतात, काही ठिकाणी दुकानांतली विक्रीही तपासतात. ‘पाठवणी’ची ‘विक्री’ होते ती बातमीच्या मथळ्यात, आणि मथळ्यातून ती त्या प्रतिनिधीच्या टॅबवर आणि चहाच्या टपरीवर पोहोचते. माझे याबाबतचे मत स्पष्ट आहे. या दोन गोष्टींना एक शब्द वापरणे चूक आहे, आणि ती चूक लहान नाही, कारण त्या चौदा खोक्यांत माझ्या विद्यार्थ्याचे दीड लाखाहून अधिक रुपये अडकले होते आणि पतसंस्थेचे व्याज रोज चढत होते.

आम्हा कापूस पिकवणाऱ्यांना खरे तर हा फरक कुणी समजावून सांगायची गरज नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे कुठल्याही घरात गेले तर मधल्या खोलीत छताला भिडलेला कापूस दिसतो. त्या खोलीत एक कोंदट, उबदार वास असतो, पोरे त्या ढिगावर उड्या मारतात आणि नंतर रात्रभर अंग खाजवतात. भाव वाढेल या आशेने तो कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत घरातच राहतो. बाजार समितीच्या आवकेच्या आकड्यात तो नसतो. डिसेंबरात आवक कमी दिसली की कुणी म्हणतो पीक बुडाले, कुणी म्हणतो शेतकऱ्याने माल दाबून धरला, आणि दोघेही तोच एक आकडा पुढे करतात. देशातल्या कापसाच्या उत्पादनाबाबत सरकारी समितीचा अंदाज आणि व्यापाऱ्यांच्या संघटनेचा अंदाज यांच्यात काही लाख गाठींचा फरक पडतो, हे दर हंगामात वाचायला मिळते. मोबाइलची गोष्ट याच्या उलट्या दिशेची आहे. आमचा कापूस घरात पडून असतो आणि मोजला गेलेला नसतो. कपाटातला मोबाइल पडून असतो आणि मोजून झालेला असतो. दोन्ही ठिकाणी जो माल पडून आहे त्याचा भार एकाच माणसाच्या अंगावर येतो, आणि त्या माणसाला आकडा कुणी विचारत नाही.

पैसेवारीचेही, म्हणजे गावाचे पीक किती आले याच्या सरकारी अंदाजाचेही, मला आठवत राहिले. सप्टेंबरअखेर नजर अंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर अख्ख्या गावाचे वर्ष ठरते. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘आणेवारी’ हा शब्द होता आणि तो उच्चारताना त्यांचा आवाज खाली जात असे. तरी पैसेवारीत एक गोष्ट प्रामाणिक आहे: पहिल्या आकड्याला ‘नजर’ म्हणतात. नजरेने पाहिले, अजून मोजले नाही, असे त्या नावातच कबूल केलेले असते.

२०१८ च्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ या संदर्भात वारंवार डोळ्यांपुढे येते. बसस्थानकाजवळच्या टपरीवर दोन तरुण भांडत होते. एक काळी-पिवळी चालवणारा, दुसरा कृषी केंद्रात कामाला. पहिल्याकडे सॅमसंग होता, दुसऱ्याकडे शाओमीचा रेडमी. भारतात एक नंबर कोण, हा वाद. दोघेही मोबाइल काढून एकमेकांना बातमी दाखवत होते आणि दोघांच्याही बातम्या खऱ्या होत्या. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीबाबत काउंटरपॉइंटने सॅमसंगला २९ टक्के आणि शाओमीला २८ टक्के वाटा दिला होता. आयडीसीने शाओमीला २९.७ आणि सॅमसंगला २३.९ टक्के दिला होता. कॅनालिसने दोघांचेही साधारण ९९ लाख नग धरून त्यांना बरोबरीत उभे केले होते. एकच देश, तेच तीन महिने, आणि तीन संस्थांची तीन उत्तरे. मी त्या वेळी दोघांना शांत करून घरी आलो आणि मग रात्री वही घेऊन बसलो. आयडीसीच्या हिशेबात त्या तिमाहीत एकूण ३ कोटी ३५ लाख स्मार्टफोन पाठवले गेले होते. त्याचे २९.७ टक्के काढले तर शाओमीचे साधारण एक कोटी होतात. म्हणजे शाओमीबाबत आयडीसी आणि कॅनालिस जवळपास एकाच ठिकाणी होते. सॅमसंगचे मात्र २३.९ टक्क्यांनी ८० लाख भरतात, आणि कॅनालिसचे ९९ लाख. सगळे भांडण त्या एकोणीस लाखांचे होते. एकोणीस लाख मोबाइल एका यादीत आहेत आणि दुसऱ्या यादीत नाहीत. ते कुठे होते? कुठल्या गोदामात, कुठल्या ट्रकमध्ये, की कुणाच्या अंदाजात फक्त? मला त्या रात्री हा प्रश्न पडला आणि उत्तर न मिळता मी वही मिटली. सात-आठ वर्षांनी ते कपाट उघडले गेले तेव्हा मला त्या एकोणीस लाखांचीच आठवण झाली.

२०१८ च्याच सुरुवातीला आणखी एक वाद झाला होता. २०१७ च्या शेवटच्या तिमाहीत शाओमी पुढे गेली असे काउंटरपॉइंट आणि कॅनालिस या दोघांनीही म्हटले, तेव्हा सॅमसंगने जीएफके या संस्थेचा दाखला दिला. जीएफके अखेरच्या ग्राहकापर्यंत झालेली विक्री मोजते आणि त्या मोजणीत नगांच्या संख्येने आपला वाटा ४० टक्के आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. वरवर पाहता जीएफकेची रीत मला पटते, कारण ती माझ्या विद्यार्थ्याच्या कपाटाच्या अलीकडे न थांबता पलीकडे जाते. पण दुकानाच्या काउंटरपाशी उभे राहून मोजणाऱ्याला ऑनलाइन मागवलेले पार्सल दिसणे अवघड, आणि त्या काळात शाओमीचा मोठा व्यवहार ऑनलाइन होता. ज्याने जिथे उभे राहावे तिथून त्याला आपले माणूस जास्त दिसते. यात कुणी खोटे बोलत होते असे मी म्हणत नाही. माझ्या मते जो आकडा आपल्या सोयीचा आहे तो निवडून लोकांपुढे ठेवणे आणि तो कुठून मोजला हे बारीक अक्षरांत लिहिणे, एवढ्यानेही वाचणाऱ्याचे नुकसान होते.

आणि ज्यांच्यापाशी खरा आकडा आहे ते तो सांगत नाहीत, याचे मला सगळ्यांत वाईट वाटते. ॲपल दर तिमाहीला किती आयफोन विकले ते स्वतः जाहीर करत असे. १ नोव्हेंबर २०१८ रोजी त्या कंपनीने यापुढे नगांची संख्या सांगणार नाही असे कळवले. नव्वद दिवसांतली संख्या व्यवसायाची खरी ताकद दाखवत नाही, असे कारण दिले. कारणात तथ्य असेलही. पण त्या दिवसापासून जगातल्या त्या सर्वांत चर्चिल्या जाणाऱ्या मोबाइलचाही आकडा बाहेरच्यांच्या अंदाजाचा विषय झाला. मोबाइल पहिल्यांदा सुरू होऊन इंटरनेटला जोडला जातो तेव्हा कंपनीला त्याची खबर मिळते. प्रत्येक नगाला स्वतःचा आयएमईआय क्रमांक असतो, तारा-चौकट-शून्य-सहा-चौकट दाबले की तो कुणालाही दिसतो. कापसाच्या बोंडावर असा क्रमांक नसतो, तुरीच्या दाण्यावर नसतो. मोजण्यासाठी इतकी सोयीची दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही, आणि तिचीच संख्या अंदाजाने सांगावी लागते.

विद्यार्थ्याला मी पुढच्या खेपेला विचारले की इतक्या वर्षांत तुझ्या दुकानात येऊन तू खरोखर किती विकलेस, असे कुणी विचारले का? तो थोडा वेळ आठवत राहिला. “कंपनीवाले इचारतेत, किती घेता म्हून. किती गेले म्हून कोनी नाई इचारत.” मग तो मन मोकळे करू लागला. मध्यंतरी काही मॉडेल फक्त ऑनलाइन मिळत, तेव्हा तो आणि त्याचा चुलतभाऊ रात्री बारा वाजता मोबाइल उघडून बसत, मिळतील तेवढे नग मागवत आणि शे-दोनशे रुपये वर ठेवून दुकानातून विकत. ते सारे नग ऑनलाइन विक्रीच्या रकान्यात गेले असतील. आमच्या गावातल्या गिऱ्हाइकाने मात्र ते दुकानातून, रोख देऊन, काच बसवून घेऊन नेले होते. कधी स्कीमच्या शेवटच्या दिवशी काही दुकानदार खोके उघडून मोबाइल चालू करतात, म्हणजे तो ‘ॲक्टिव्हेट’ झाल्याची नोंद होते आणि कमिशन पदरात पडते. मग तो मोबाइल पुन्हा खोक्यात जातो. तेव्हा सुरू झालेला मोबाइलही विकला गेलेला असेलच असे नाही. कोणत्याही दरवाजात उभे राहा, त्या दरवाजाला वळसा घालून जाणारी एक पायवाट असतेच.

कपाटे भरली की पुढे काय होते, हे २०२३ च्या सुरुवातीला दिसले. त्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत देशातली पाठवणी आयडीसीच्या हिशेबाने ३ कोटी १० लाखांवर आली, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा १६ टक्क्यांनी कमी. मागणी मंदावली होती हे खरेच. पण त्यासोबत आधीचा माल साखळीत तुंबून होता, हेही तितकेच खरे. दुकानदार जुना माल काढत होते म्हणून नवा घेत नव्हते. म्हणजे त्या तिमाहीत लोकांनी किती मोबाइल घेतले हे पाठवणीवरून कळत नव्हते, जसे आदल्या वर्षी पाठवणी फुगलेली असतानाही कळत नव्हते. कपाट भरताना आकडा वास्तवापेक्षा वर जातो आणि रिकामे होताना खाली येतो.

मग आमच्या गावात खरोखर कुठले मोबाइल आहेत? हे मला ठाऊक आहे, कारण २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर कोणत्या मुलाच्या घरी स्मार्टफोन आहे याची यादी करायला आम्ही शिक्षक घरोघर फिरलो होतो. तोंडाला रुमाल, हातात वही, आणि अंगणाच्या बाहेरूनच प्रश्न. एका घरी बापाने ‘आहे’ म्हणून सांगितले आणि मुलगी आतून म्हणाली, “पन थो बाबा वावरात नेते.” एका घरी मोबाइल होता, पण तो पुण्याला कंपनीत काम करणाऱ्या मुलाने आपला जुना पाठवलेला, काचेला आडवी चीर पडलेला. असे जुने मोबाइल आमच्याकडे दर दिवाळीला येतात आणि कुठल्याच पाठवणीत ते दुसऱ्यांदा मोजले जात नाहीत, जरी या गावापुरता तो नवाच असतो. एका म्हातारीकडे जिओफोन होता. दीड हजार रुपये अनामत भरून घेतलेला, बटणांचा. त्यावर ती पंढरपूरच्या आरतीचे व्हिडिओ पाहत असे आणि व्हॉट्सॲपवर नातवाचा फोटो उघडत असे. बाजाराच्या तक्त्यात तो ‘फीचर फोन’च्या बाजूला पडतो, स्मार्टफोनच्या नाही. मी तिच्या नावापुढे काय लिहू, हे मला कळेना. वहीतल्या रकान्याला फक्त हो किंवा नाही एवढेच चालत होते. मी ‘नाही’ लिहिले. तिने माझ्यासमोर नातवाचा फोटो उघडून दाखवला होता, तरी लिहिले.

त्याच वर्षी सप्टेंबरात ग्रामीण भागातल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ने ५२,२२७ कुटुंबांशी संपर्क साधला आणि शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे नोंदवले. २०१८ मध्ये ते प्रमाण ३६.५ टक्के होते. मला या पाहणीबद्दल आदर आहे, कारण ती आपली रीत लपवत नाही. महामारीमुळे ती पाहणी फोनवरून करावी लागली होती आणि नमुना निवडला होता तो २०१८ मध्ये ज्यांनी फोन क्रमांक दिले होते त्या कुटुंबांतून. ज्या घरात फोनच नव्हता त्या घराला फोन कसा लागणार, ही अडचण त्यांनाही ठाऊक होती. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला आणि त्या उत्तराने मला माझ्या यादीतली ती मुलगी आठवली: ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्या २६.१ टक्के मुलांच्या हाती तो कधीच येत नव्हता. घरात मोबाइल असणे आणि मुलीच्या हातात असणे, या दोन उंबऱ्यांमधले अंतर त्या एका प्रश्नाने मोजले गेले. बाजाराचे आकडे मांडणाऱ्यांनी असा एक जादा प्रश्न विचारावा, असे मला फार वाटते.

हे सगळे मोबाइलपुरतेच राहिले असते तर मी इतका विचार केला नसता. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने वावरात उभे राहून आपल्या मोबाइलवरून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. कल्पना चांगली आहे. तलाठ्याने चावडीत बसून पेरा लिहिण्यापेक्षा ज्याचे पीक त्याने लिहावे, यात न्याय आहे. परंतु ती कल्पना, प्रत्येकाच्या हातात चालणारा स्मार्टफोन आहे, या गृहीतकावर उभी राहते, आणि ते गृहीतक अशाच आकड्यांतून येते. माझ्या शेजाऱ्याने पहिल्या वर्षी पुतण्याच्या मोबाइलवरून नोंद केली. दुसऱ्या वर्षी पुतण्या पुण्याला गेला आणि नोंद राहिली. तिसऱ्या वर्षी रेंज मिळावी म्हणून तो बांधावरच्या बाभळीखालून टेकडीपर्यंत चालत गेला आणि तिथून ॲपने त्याला सांगितले की तुम्ही आपल्या गटापासून दूर आहात. भर दुपारी तो घामाने निथळत माझ्या ओट्यावर येऊन बसला, पाणी प्यायला आणि बराच वेळ बोलला नाही. कपाशीचा पेरा किती, हा आकडा आता मोबाइलच्या आकड्याला बांधला गेला आहे. एका अंदाजाच्या खांद्यावर दुसरा अंदाज बसला आहे, आणि खालच्याने कुठे पाय रोवले आहेत ते वरच्याला दिसत नाही.

दिवाळीआधी मी विद्यार्थ्याकडे पुन्हा गेलो आणि जाताना शाळेत वापरायचो तशी दोनशे पानी आखीव वही घेऊन गेलो. प्रत्येक पानावर मी उभे तीन रकाने आखले होते: मॉडेल, आला, गेला. तो हसला नाही. त्याने वही उघडून पहिल्या पानावर हात फिरवला, दहावीत उत्तरपत्रिका मिळाल्यावर फिरवायचा तसा. मग म्हणाला, “सर, हे तं कॉम्प्युटरमदी बी हाय.” मी म्हटले, असेल. पण कॉम्प्युटरमध्ये बिलाची तारीख आहे, ती तुझ्याआधीच कुणीतरी टाकलेली. ही तू टाक. गिऱ्हाईक खोके घेऊन पायरी उतरले की त्याच दिवशी. तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला आणि मग त्याने ती काउंटरच्या खणात, रिचार्जच्या डायरीखाली ठेवली.

तो कंपनीचा प्रतिनिधीही त्या दिवशी आला होता. त्याचा चेहरा उतरला होता. पुढच्या तिमाहीचे टार्गेट मागच्या विक्रीवरून, म्हणजे त्या कपाटातल्या खोक्यांसकट, वाढवून आले होते. तो पुसदकडचा, घरी चार एकर कोरडवाहू, बाप थकलेला. त्याने माझ्या विद्यार्थ्याकडे पाहिले, विद्यार्थ्याने त्याच्याकडे, आणि दोघांनीही चहा घेतला. कुणी कुणाला दोष दिला नाही. मला दोघांबद्दलही वाईट वाटत होते, आणि माझ्या वहीने त्यांच्यापैकी कुणाचेही टार्गेट कमी होणार नव्हते, हे मला तिथे बसल्या बसल्या उमगत होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कापूस विकून आलेली माणसे दुकानात गर्दी करतात. त्या गर्दीत मी एका दुपारी गेलो. एक नवरा-बायको काउंटरपाशी उभे होते. तिच्या लुगड्याला अजून कापसाचे तंतू चिकटलेले, त्याच्या हातात रुमालात बांधलेल्या नोटा. दुकानदाराने मोबाइल खोक्यातून काढला, संरक्षक कागद सोलला, सिम घातले. तिने तो दोन्ही हातांनी धरला. ते गेल्यावर त्याने खणातून वही काढली आणि मला न विचारता माझ्याकडे सरकवली. पहिल्या पानावर चौदा ओळी होत्या. ‘आला’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच तारीख, २८ सप्टेंबर. ‘गेला’च्या रकान्यात पहिली नोंद ६ नोव्हेंबरची होती. एकोणचाळीस दिवस, आणि मधल्या काळात तिमाही उलटून गेली होती. त्याखाली नोव्हेंबरच्या आणखी तीन तारखा, डिसेंबरच्या तीन. त्याने कानावरचा पेन काढून आठवी तारीख माझ्यासमोर लिहिली, आजची, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. खालच्या सहा ओळींमध्ये उजवीकडची जागा मोकळी होती.